नागपूरचे डॉ. चोळकर आणि पीत नदीचा बांध

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मराठी शिक्षकांना नवे नाही. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर चीनमध्ये युद्धातील जखमींची सेवा करीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारला. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि नाव घरोघरी पोचले. पण त्या पथकात पाच डॉक्टर होते आणि पथकाचे उपनेते नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर होते, याची आठवण क्वचितच निघते. हा इतिहास आम्ही येथे सांगत आहोत तो केवळ स्मरण म्हणून नव्हे. युद्ध माणसांचे काय करते आणि जमिनीचे काय करते, हे दोन्ही प्रश्न त्यात एकत्र आलेले आहेत.

जुलै १९३७ मध्ये जपान व चीन यांच्यात उघड युद्ध पेटले. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. देश स्वतः पारतंत्र्यात होता. तरीही लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. अटल नेते झाले. चोळकर, कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी यांच्यासह पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. महिनाअखेर ते वूहानमधील हानकौ भागात पोचले.

याच्या साडेतीन महिने आधी चीनमध्ये एक भयंकर घटना घडली होती. जपानी फौजा अडवण्यासाठी चिनी सरकारच्याच सैन्याने जून १९३८ मध्ये हुआयुआनकौ येथे पीत नदीचा (ह्वांग हो) बांध फोडला. या नदीच्या पाण्यात लोएस नावाची वाऱ्याने वाहून आणलेली बारीक पिवळी माती प्रचंड प्रमाणात असते. सपाट प्रदेशात प्रवाह मंदावला की ही माती तळाशी बसते आणि पात्र वर चढते. माणूस बांध उंच करतो, पात्र आणखी वर येते. शेवटी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. अशा नदीचा बांध फुटला तर पाणी परत पात्रात जात नाही. नदीने मार्गच बदलला. शेतकऱ्यांना पूर्वसूचना नव्हती. मृतांचे आकडे अंदाजाचेच आहेत. पण काही अंदाज लाखांत जातात. नदी जुन्या पात्रात परत आणायला १९४७ साल उजाडले. जपानी फौजांची चाल काही महिने लांबली खरी, पण वूहान ऑक्टोबर १९३८ मध्ये पडलेच. त्याआधीच आपले पथक तेथून पश्चिमेकडे निघाले होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पाचही डॉक्टर येनानला पोचले. हे गाव त्याच लोएस मातीच्या पठारावर आहे. ही माती उभी कापली तरी कडा ढासळत नाही, म्हणून लोक डोंगरात गुहा कोरून राहत. बाँबहल्ल्यांपासून बचाव म्हणून रुग्णालयेही गुहांतच होती. औषधे अपुरी, पेनिसिलिन अजून वापरात यायचे होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले. त्यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद पुढे कोटणीसांकडे आले. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच परतले होते. पण ज्या जखमीवर चोळकरांनी उपचार केले, त्याच्या लेखी ते किती महिने राहिले याला काय महत्त्व?

डॉक्टर माणसाची जखम शिवतात. जमिनीची जखम भरायला पिढ्या लागतात. झाडोरा गेलेल्या या पठारावरून एके काळी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ पीत नदीत जाई. १९९९ पासून चीनने उतारावरची शेती थांबवून तेथे झाडे व गवत वाढवण्यास सुरुवात केली. ही झाडे, शेतांच्या पायऱ्या आणि धरणे यांमुळे अलीकडे गाळ पाचव्या हिश्शाच्या आसपास आला आहे. असे काम शांतता असेल तरच होते. उलट युद्धाचा हवामानावरील भार मोजायचीही आपली तयारी नाही: २०१५ च्या पॅरिस करारातही सैन्यदलांच्या कर्बवायूंचा वेगळा हिशेब देण्याचे बंधन देशांवर नाही.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. दोन ट्रे घ्या. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवत उगवलेली माती ठेवा. दोन्ही सारखेच तिरके करून झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली आलेले पाणी काचेच्या दोन बरण्यांत धरा. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेल्या गाळाची उंची पट्टीने मोजा. मग मुलांना हुआयुआनकौची गोष्ट सांगा, आणि नागपूरहून तिकडे गेलेल्या डॉक्टरांचे नाव फळ्यावर लिहा.