चहा आपल्या घरी कसा आला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला आपल्या मंडळाच्या जुन्या वह्या चाळून काहीतरी लिहावयास सांगितले. इतिवृत्ताच्या वह्या पुढे कोणी लिहीलच, म्हणून मी जमाखर्चाची पहिली वही उघडली. पहिल्याच पानावर सतरंजीच्या खर्चाखाली ओळ होती : चहापूड, साखर, दूध. पुढची पाने उलटली. सतरंजी एकदाच आली, पेटी एकदाच आली, पण चहापूड दर महिन्याला आहेच. पन्नास वर्षांत कितीतरी उपक्रम सुरू झाले आणि बंद पडले. ही एक नोंद मात्र अखंड चालू आहे. तेव्हा मनात आले की, ज्या वस्तूवाचून आपली सभा भरत नाही, ती आपल्याला हवीशी वाटू लागली कधी, आणि कोणामुळे?

माझ्या आजीच्या लहानपणी पाहुणा आला म्हणजे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवीत. सर्दीपडशाला सुंठ, गवती चहा घालून काढा करीत. पण चहाची पूड घरात नव्हती. कोणाला तिची उणीवही भासत नव्हती. जे ठाऊकच नाही त्याची इच्छा कशी होणार?

चहा पिकत होता तो आसामात, दार्जिलिंगला, निलगिरीवर, आणि प्यायला जात होता तो विलायतेत. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ साली झाला. त्यानंतर पुष्कळ वर्षे आपल्या देशात पिकलेला चहा आपल्याच देशातील सामान्य माणसाने चाखला नव्हता. साहेबाच्या कचेरीत, मिशनऱ्यांच्या बंगल्यात आणि इंग्रजी शिकलेल्या थोड्या घरांत तेवढा तो दिसे. म्हणून प्रथम चहा हे पेय नव्हते, ती एक खूण होती : हा मनुष्य सुधारला, किंवा हा मनुष्य बाटला.

ही खूण किती जड होती हे पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून कळते. १८९० च्या ऑक्टोबरात तेथे एक सभा झाली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ती घडवून आणली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी गावातील मोठमोठी मंडळी हजर होती. सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली. मागाहून गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात एकच खळबळ उडाली. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत हे सारे प्रकरण आलेले आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोष पानांना नव्हता, दोष हाताला होता. कोणी केलेला चहा, कोणाच्या घरी, कोणाच्या पंक्तीस, हा खरा प्रश्न होता. आणि तो प्रश्न पुण्याच्या वाड्यांपुरताच नव्हता. पुढे गावोगाव हॉटेले झाली तेव्हा कित्येक ठिकाणी दलितांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे, आणि ती पिणाऱ्यानेच धुवून ठेवावयाची असे. अस्पृश्यता १९५० च्या राज्यघटनेने नष्ट केली आणि १९५५ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तरी ही निराळी कपबशी अनेक गावांतून त्यानंतरही हलली नव्हती. चहा सर्वांना हवासा झाला होता, पण एका कपातून नव्हे.

आता बाजाराची बाजू पाहू. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून सरकारने परदेशी जाणाऱ्या चहावर एक लहानसा कर बसविला. त्या पैशातून चहाचा प्रचार करावयाचा होता. प्रथम भर परदेशावर होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी आणि कारखाने यांच्या दाराशी चहाची दुकाने निघाली. पुढे १९२९ नंतर जगभर मंदी आली, चहाचे भाव कोसळले, आणि १९३३ साली हिंदुस्थान, सिलोन व डच ईस्ट इंडीज येथील मळेवाल्यांनी आपसांत करार करून निर्यातीला मर्यादा घातली. माल तर पिकतच होता. मग तो खपवावयाचा कोठे? तेव्हा त्यांचे लक्ष पुरतेपणी आपल्या चुलीकडे वळले.

मग चहाचे शिक्षण सुरू झाले. हो, मी शिक्षणच म्हणते. आगगाडीच्या स्टेशनांवर देशी भाषांतून पाट्या लागल्या : पाणी ताजे घ्या, खळखळून उकळा, किटली आधी ऊन करा, माणशी एक चमचा पूड घाला, इतकी मिनिटे झाकून ठेवा. बाजाराच्या दिवशी फुकट कप वाटले गेले. एका पैशाची पुडी निघाली, म्हणजे डबा घेण्याची ऐपत नसणाऱ्यालाही घेता यावी. ज्या घरांत स्त्रिया पडद्यात, तेथे चहा करून दाखविण्यासाठी स्त्रियांनाच पाठविले. शाळेत जाण्यासाठी मुलीच्या घरी कोणी पुडी घेऊन आले नाही, पण चहा शिकविण्यासाठी माणसे दारापर्यंत आली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

विरोध झाला नाही असे नव्हे. महात्माजींनी आरोग्यावरील आपल्या पुस्तकात चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही असे स्पष्ट लिहिले. आणि चहा म्हणजे विलायती मळेवाल्यांचा धंदा, हा राग तर होताच. परंतु बाजार मोठा चतुर! १९४७ साली कलकत्त्याचे चित्रकार अन्नदा मुन्शी यांनी चहाच्या प्रचारासाठी एक चित्र काढले. त्यात चरख्याशी बसलेली स्त्री आहे आणि चहा हा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही आहे. ज्या पेयाने एकेकाळी धर्म बुडत होता, तेच आता देशभक्तीच्या शेजारी येऊन बसले.

तरीही नुसत्या पाट्यांनी काही झाले नसते. साखर मिळावी लागते, दूध मिळावे लागते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, आणि पाठोपाठ महाराष्ट्रात असे अनेक कारखाने निघाले. १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली. आसामात १९३० च्या सुमारास निघालेल्या सीटीसी यंत्राचा प्रसार स्वातंत्र्यानंतर वाढला. त्या यंत्रातून निघणारी दाणेदार पूड स्वस्त, आणि थोडक्या पुडीत दाट रंग देणारी. दुधासाखरेच्या आपल्या चहाला ती अगदी सोयीची पडली. आज देशात पिकणाऱ्या चहाच्या पाच भागांपैकी सुमारे चार भाग देशातच संपतात.

पण पाटीवर लिहिले होते तसा चहा आपण केला का? मुळीच नाही! आपल्या बायकांनी किटली बाजूला ठेवली, पातेले घेतले, पूड, साखर, दूध, आले सारे एकत्र उकळले, आणि पूड सांगितल्यापेक्षा कमीच घातली. मळेवाल्यांना हे पसंत नव्हते. पण चुलीपुढे त्यांचे चालले नाही. हवे काय ते बाजाराने शिकविले, कसे हवे ते आपण ठरविले.

मात्र कोणाला किती, हे घराच्या रीतीने ठरविले. आमच्या घरी पहिले आधण वडील आणि पाहुणे यांच्यासाठी असे. मुलांना चहा नाही, प्याला तर काळे व्हाल असे सांगत. रेशनची साखर मोजकीच असायची. सर्वांचे झाले म्हणजे आई गाळणीतला चोथा पुन्हा पातेल्यात टाकी, वर पाणी ओती, दूध उरले असेल तर थेंबभर, आणि तो कळकट चहा ओट्यापाशी उभ्याने पिई. तिला चहा आवडत होता का, हे मी तिला कधी विचारले नाही. आज ती नाही. वही चाळताना हे फार लागले.

वहीत तिसऱ्या वर्षाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने एक टिपण आहे. तेव्हा चहाचा खर्च बंद करून त्या पैशात पुस्तकांचे कपाट घ्यावे, अशी सूचना आली होती. त्या सभेला मी हजर होते, सूचनाही माझीच होती. मला वाटले, विरोध कोण करणार? तेव्हा मागे बसलेली एक भगिनी उठली. ती दोन घरची धुणीभांडी करून यायची आणि सभेत कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "बाई, घरी मला सगळ्यांच्या शेवटी मिळतो. कामाच्या घरी माझा कप वेगळा. इथं पहिल्यांदा मिळतो, तुमच्याच कपात मिळतो. तेवढा बंद करू नका."

मी सूचना मागे घेतली. कपाट पुढे दोन वर्षांनी वर्गणी जमवून घेतले.

भगिनींनो, आज आपल्या दारी नव्या पुड्या येत आहेत. त्या दूरदर्शन संचावरून येतात, हातातल्या फोनवरून येतात. त्या शिकवितात की हे नसेल तर तुमचे घर मागासलेले, मुले अशक्त, चेहरा काळवंडलेला. सर्वच नवे टाकावे असे मी म्हणत नाही. चहा तरी आपण कोठे टाकला? एवढेच म्हणते की, घेण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे : हे मला कोण शिकवीत आहे, त्याचा माल कोठे अडला आहे, आणि हे घरात आल्यावर घरातील शेवटच्या बाईच्या वाट्याला काय येणार आहे? चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्याही बहुतेक स्त्रियाच आहेत, त्यांचीही आठवण तेव्हा असावी.

वर्धापनदिनाच्या सभेला चहा आहेच. त्या दिवशी आधण कोणी ठेवावयाचे याची पाळी अद्याप लागलेली नाही, ती माझ्याकडे लावावी, अशी चिटणीस बाईंना विनंती करून हा लेख पुरा करते.