फुलाच्या घड्याळावर लावलेला कॅमेरा

ब्रह्मकमळाची कळी फुगून वर वळली की हुबळी-धारवाडच्या घरांतून शेजारीपाजारी निरोप जातात. हल्ली निरोप धाडण्याआधी कुंडीसमोर मोबाइल उभा केला जातो. अंधार पडल्यावर कळी सैल होऊ लागते, मध्यरात्रीच्या सुमारास फूल पूर्ण उघडते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. रात्रभराची ही हकीकत सकाळी अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत सगळ्या नातेवाइकांकडे पोचलेली असते. या अर्ध्या मिनिटाची वंशावळ शोधत मागे गेले, तर वाट मुंबईतल्या वाटाण्याच्या एका कुंडीपाशी येते. आपल्याकडच्या सिनेमाचा जन्म सांगताना ही कुंडी एका वाक्यात उरकली जाते, याची मला नेहमी हळहळ वाटते.

1912 साल. धुंडिराज गोविंद फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले होते. तिथे त्यांनी सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परतले. आता चित्रपट काढायला भांडवल हवे होते. धंदा कुणी पाहिलेला नाही, मग पैसे कशावर द्यायचे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. कॅमेरा हँडल फिरवून चालवायचा. नेहमी सलग फिरणारा हात इथे प्रत्येक चौकटीला थांबवायचा, आणि पुढच्या वेळी कॅमेरा, कुंडी, उजेड सगळे होते तसेच सापडायला हवे. ‘अंकुराची वाढ’ निवडक लोकांना दाखवली गेली. मातीतून डोके काढणारा, वळवळत वर चढणारा वेल लोकांनी पडद्यावर पाहिला. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. 3 मे 1913 रोजी कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या मुळाशी ही कुंडी आहे.

फाळक्यांनी नाच, मिरवणूक, गर्दीचा रस्ता यांतले काही टिपले नाही, रोप निवडले. मला यात त्यांची सगळी समज दिसते. चालता माणूस पडद्यावर चालताना दिसला, तर डोळ्यांना जे आधीच दिसते तेच यंत्राने दाखवले. रोपाची वाढ मात्र कुणीच कधी पाहिलेली नसते. काल एवढे होते, आज तेवढे झाले, इतकेच आपण म्हणतो. यंत्र डोळ्यांच्या पलीकडचे दाखवू शकते, हे सावकाराला पटवायला याहून नेमका पुरावा नव्हता. पुढे 1915च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये याच एकेका चौकटीच्या कसबाने त्यांनी काड्यांना नाचवले.

त्यांच्या आधी दोनच वर्षे, 1910 साली, लंडनमध्ये पर्सी स्मिथचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ आला होता. स्मिथ सरकारी शिक्षण खात्यात कारकून. चार्ल्स अर्बन या निर्मात्यासाठी त्याने हायसिंथ, लिली, गुलाब अशा फुलांच्या कळ्या उमलताना टिपल्या. कुणी न चालवता कॅमेरा आपणहून चालावा यासाठी तो घरीच यंत्रे जुळवत असे. त्याच्याही मागे लाइपझिगचा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म प्फेफर आहे. 1898 ते 1900च्या दरम्यान त्याने ट्यूलिपचे उमलणे आणि लाजाळूची हालचाल चित्रफितीवर घेतली, ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. आणि त्याच्या मागे कॅमेराच नसलेला डार्विन. रोपाच्या शेंड्याला काचेचा बारीक तंतू चिकटवायचा, पुढे काच धरायची, ठरावीक वेळाने तिच्यावर ठिपका द्यायचा आणि शेवटी ठिपके जोडायचे. मुलगा फ्रान्सिसला हाताशी धरून त्याने असे ढीगभर नकाशे काढले, ते 1880च्या पुस्तकात आले. फाळक्यांच्या चौकटी आणि डार्विनचे ठिपके एकाच जातीचे आहेत.

या सगळ्यांपुढे अडचण एकच होती, उजेडाची. दिवसाचा प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून चित्रफीत लुकलुकते. दिवा लावावा तर फुलाला रात्र झालेलीच कळत नाही. रात्री उमलणाऱ्या फुलापाशी म्हणूनच दिवा फक्त चौकटीपुरता उजळून विझवावा लागतो. जवळून टिपायचे तर त्रास आणखी वाढतो. भिंग फुलाच्या जितके जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, आणि पाकळी तर उमलता उमलता त्या पट्ट्यातून बाहेर सरकते. वाऱ्याची झुळूक आली तर सगळी मेहनत वाया.

सह्याद्रीत या शिस्तीने फुले टिपणारे श्रीकांत इंगळहळीकर पेशाने अभियंते. पाचशे फुलांची ओळख करून देणारे त्यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ 2001 साली पुण्यातून आले आणि फुलापाशी गुडघे टेकून बसणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (1901–1908) धारवाड जिल्हाही येतो, पण तिथे फूल शब्दांत बांधलेले आहे. दाबून सुकवलेल्या नमुन्यात रंग उरत नाही. इंगळहळीकरांच्या छायाचित्रांनी तो रंग सामान्य वाचकाच्या हाती दिला.

तरी कॅमेरा कितीही चांगला असो, फूल केव्हा उघडते हे आधी ठाऊक असावे लागते. इथे धारवाडचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. एच. कटारकी यांनी 1972 साली धारवाडात ‘वरलक्ष्मी’ हा कापूस दिला. कापसाच्या दोन वेगळ्या जातींच्या संकरातून लागवडीला आलेला तो जगातला पहिला वाण. अशा संकराचे बियाणे हातानेच करावे लागते. उद्या उमलणारे पाते, म्हणजे कापसाची कळी, आज दुपारनंतर ओळखायचे, ती उघडून पुंकेसर काढून टाकायचे, कागदी पिशवीने झाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उघडली की दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एक दिवस चुकला तर फूल हातचे गेले. बियाण्याच्या शेतांत हे काम मुख्यतः बायका करतात. नुसत्या पात्याच्या आकार-रंगावरून ‘हे उद्याचे’ म्हणून त्या बोट ठेवतात. प्फेफरला आणि स्मिथला यंत्राआधी हेच ज्ञान लागले असणार, आणि फुलांच्या छायाचित्रणाच्या इतिहासात या बायकांना मी त्यांच्याच पंक्तीत बसवेन.

कापसाचे फूल सकाळी फिकट पिवळसर उघडते, संध्याकाळपर्यंत गुलाबी छटा धरते आणि दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटते. त्याची चित्रफीत कुणीतरी नीट काढायला हवी, आणि ती धारवाडच्या काळ्या मातीतच, शेतावरच्या बाईला विचारून पाते निवडून. गणित सोपे आहे: दर तीन मिनिटांना एक चौकट घेतली, तर दोन दिवसांत 960 चौकटी होतात. मूकपटांच्या काळातल्या सेकंदाला सोळा चौकटींच्या वेगाने त्या बरोबर एक मिनिट चालतील.