दुकानात न मिळालेला पोशाख : सायकलस्वार स्त्रीच्या कपड्यांचा इतिहास

१/ ऑक्टोबर १८९८. लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यातील ऑकहॅम गावी 'होबॉय' नावाच्या हॉटेलपाशी एक स्त्री सायकलवरून उतरते. वय पन्नाशीपलीकडचे, घराणे उमरावाचे. तिला दुपारचे जेवण हवे आहे. हॉटेलची मालकीण तिला आपादमस्तक न्याहाळते आणि भोजनगृहात प्रवेश नाकारते.

२/ पाहुणीने स्कर्ट नेसला नव्हता. कोटाखाली तिने गुडघ्याशी आवळलेली ढगळ विजार घातली होती. मद्यघरालगतच्या खोलीत बसायची तयारी असेल तर जेवण मिळेल, असे मालकिणीचे म्हणणे. त्या खोलीत पुरुष धूम्रपान करीत बसले होते. पाहुणी न जेवता निघून गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

३/ त्या स्त्रीचे नाव लेडी फ्लॉरेन्स हार्बर्टन. खटल्याचा निकाल पुढे येईलच. तत्पूर्वी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू : सायकल चालवणाऱ्या स्त्रीने अंगात घालायचे काय, आणि ते मिळायचे कुठे? थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

४/ आरंभ यंत्रापासून करू. १८७०च्या दशकातील सायकलचे पुढचे चाक दीड मीटरच्या घरात असे. त्यावर चढणे हीच एक कसरत. पायघोळ स्कर्ट नेसून तर ते जवळजवळ अशक्यच. त्यामुळे सुखवस्तू स्त्रिया तीनचाकीकडे वळल्या. १८८१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने तीनचाकी सायकली मागवल्या होत्या.

५/ १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, साखळीने फिरणारे मागचे चाक. आजच्या सायकलची ही पूर्वज. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. रस्ता सुसह्य झाला आणि सायकल स्त्रीच्या आवाक्यात आली.

६/ यंत्र सुधारले, वस्त्र मात्र तेच राहिले. घट्ट आवळलेला कॉर्सेट, त्याखाली एकावर एक परकर, वर घोट्यापर्यंतचा भारदस्त स्कर्ट. वाऱ्यात त्याचे शीड होई, पावसात ओझे होई. आणि त्याचा घेर साखळीत किंवा आऱ्यांत अडकला, तर चालवणारी थेट रस्त्यावर आदळे. अशा अपघातांच्या बातम्या त्या काळच्या वृत्तपत्रांत वारंवार येत.

७/ कारखानदारांनी यावर काय उपाय काढला? त्यांनी सायकल बदलली. स्कर्टला वाव मिळावा म्हणून मधला आडवा दांडा खाली वाकवला, साखळीवर झाकण बसवले, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांची जाळी ताणली. 'लेडीज सायकल' जन्मली ती अशी. पोशाख बदलण्याचा प्रश्न मात्र कारखान्याने आपला मानला नाही.

८/ तो प्रश्न स्त्रियांनी फार पूर्वीच हाती घेतला होता. १८५१ मध्ये अमेरिकेतील सेनेका फॉल्स येथे 'द लिली' या नियतकालिकाच्या संपादिका अमेलिया ब्लूमर यांनी आखूड स्कर्ट आणि खाली ढगळ विजार अशा पोशाखाचा पुरस्कार केला. तो प्रथम वापरला एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी. लोकांनी त्याला नाव दिले 'ब्लूमर'.

९/ नावाबरोबर टवाळीही आली. व्यंगचित्रे निघाली, रस्त्यांवर हुर्यो झाली. सुझन बी. अँथनी यांच्यासारख्या कणखर कार्यकर्तीनेही काही काळाने तो पोशाख सोडला. लोक भाषण ऐकण्याऐवजी विजार पाहू लागले, तर मताधिकाराचा मुद्दा मागे पडतो, हे त्यामागचे कारण.

१०/ १८८१ मध्ये लंडनमध्ये 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. अध्यक्षा होत्या आपल्या लेडी हार्बर्टन. स्त्रीच्या अंतर्वस्त्रांचे एकूण वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा, अधिक असू नये, ही या संस्थेची एक मागणी. ज्या काळात सव्वातीन किलो ही संयमाची मर्यादा वाटे, त्या काळातील प्रत्यक्ष भाराची कल्पना आपणच करावी.

११/ संस्थेचे युक्तिवाद दशकभर चर्चेपुरते राहिले. १८९०च्या दशकात सायकलचे वेड पसरले आणि सुटसुटीत कपडे हा मतापेक्षा गरजेचा विषय झाला. सप्टेंबर १८९३ मध्ये टेसी रेनॉल्ड्स या सोळा वर्षांच्या मुलीने ब्रायटनहून लंडन आणि परत असा सुमारे १९० किलोमीटरचा प्रवास साडेआठ तासांत पूर्ण केला. सायकल पुरुषी घाटाची, पोशाख विजारीचा.

१२/ वेगाचे कौतुक झाले, पण त्याहून अधिक चर्चा झाली ती विजारीची. काहींनी मुलीला निर्लज्ज ठरवले. काहींनी हाच भावी पोशाख असल्याचे भाकीत केले.

१३/ पुढच्याच वर्षी, जून १८९४ मध्ये, तीन मुलांची आई असलेली अ‍ॅनी कोपचोव्हस्की बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली. लंडनडेरी नावाच्या पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला शंभर डॉलर दिले. मोबदल्यात तिने सायकलवर कंपनीची पाटी लावली आणि आडनावही तेच घेतले. निघताना अंगावर लांब स्कर्ट होता, सायकल सुमारे एकोणीस किलोंची.

१४/ शिकागोपर्यंत पोहोचताना तिच्या लक्षात आले की हे जमणार नाही. तिने तिथे निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, स्कर्ट टाकून ब्लूमर चढवले आणि पुढे तर पुरुषी धाटणीचाच पोशाख पत्करला. बराच प्रवास तिने जहाजानेही केला, हे खरे. पण सप्टेंबर १८९५ मध्ये ती शिकागोला परतली, तेव्हा कपड्यांचा वाद तिच्यापुरता मिटला होता.

१५/ या झाल्या धाडसी स्त्रिया. सामान्य स्त्रीने काय करावे? सायकलच्या दुकानात सायकल मिळे, दिवा मिळे, घंटी मिळे. स्त्रीच्या अंगाला बसेल आणि पॅडल मारू देईल असा पोशाख क्वचितच मिळे. शिंप्याकडून शिवून घ्यावा, तर विजारीची मागणी करण्याचेही धैर्य हवे. स्कर्ट नेसला तर पडण्याची भीती, विजार घातली तर चिखलफेकीची. आणि ही चिखलफेक केवळ शाब्दिक नसे.

१६/ या कोंडीतून तिसरी वाट काढली ती सुई हाती असलेल्या स्त्रियांनी. सायकलच्या लाटेच्या ऐन भरात ब्रिटनमधील कित्येक स्त्रियांनी सायकलच्या पोशाखांची पेटंटे घेतली. यामागे दोन कायदे होते. १८८२च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळाला. १८८३च्या पेटंट कायद्याने अर्जाचे प्रारंभिक शुल्क पंचवीस पौंडांवरून चारवर आणले.

१७/ लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील शिवणकाम करणारी अ‍ॅलिस बायग्रेव्ह ही त्यांतील एक. तिच्या आईवडिलांचे घड्याळांचे दुकान होते. १८९५ मध्ये तिने पेटंट घेतलेल्या स्कर्टच्या पुढच्या आणि मागच्या शिवणीत कप्पीसारखी रचना दडवलेली होती. कमरेजवळची दोरी ओढली की स्कर्ट पडद्यासारखा वर सरके; उतरल्यावर सैल सोडली की पूर्ववत खाली. कपडे आणि यंत्र या दोन्ही कारागिऱ्या एकाच शिवणीत आल्या.

१८/ ज्यूलिया गिल ही लंडनचीच दुसरी कारागीर. राजदरबारी जाणाऱ्या स्त्रियांचे पोशाख शिवणे हा तिचा व्यवसाय. तिने घेराला आतून कड्या लावल्या आणि त्यांतून दोरी ओवली. दोरी खेचली की सारा स्कर्ट कमरेभोवती दुहेरी झालरीसारखा गोळा होई. रस्त्यावर पाय मोकळे. गावात शिरताच पुन्हा सभ्य स्त्रीचा पायघोळ स्कर्ट.

१९/ तिसरे नाव मेडनहेड येथील हेन्रिएटा म्यूलर यांचे. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या या बाईंनी १८८८ मध्ये 'विमेन्स पेनी पेपर' हे साप्ताहिक काढले होते. १८९६ मधील त्यांचा पोशाख तीन भागांचा : कोट, वर उचलता येणारा स्कर्ट, आणि आत पोलके व विजार एकत्र जोडलेले वस्त्र. त्यात त्यांनी पाच खिसे ठेवले. खिसा म्हणजे पैसा, किल्ली, घड्याळ स्वतःजवळ बाळगण्याची मुभा, हे त्या नेमके ओळखून होत्या.

२०/ हे नाव भारतीय वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. याच हेन्रिएटा म्यूलर यांच्या घरी स्वामी विवेकानंद इंग्लंडमध्ये असताना राहिले होते. १८९८ मध्ये कलकत्त्याजवळ बेलूर मठासाठी जमीन घेतली गेली, त्यासाठी मोठी देणगी त्यांचीच. बेलूरची जमीन आणि सायकलस्वार स्त्रीचे पाच खिसे या दोन्हींमागे एकच व्यक्ती आहे.

२१/ रूप बदलणाऱ्या या पोशाखांना कोणी भित्री तडजोड म्हणेल. मला तसे वाटत नाही. शहराच्या गर्दीत स्त्रीला सभ्य दिसावे लागे आणि मोकळ्या रस्त्यावर सुरक्षित राहावे लागे. समाज बदलेपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता. रविवारी सायकल चालवायची होती. त्या रविवारची सोय या शिवणींनी केली.

२२/ बायग्रेव्हचा स्कर्ट पुढे 'येगर' या लोकरी कपड्यांच्या प्रसिद्ध पेढीने तयार करून विकला. म्हणजे पोशाख अखेरीस दुकानात पोहोचला. क्रम मात्र पाहण्याजोगा आहे : आधी स्त्रियांनी गरज ओळखली, कल्पना लढवली, शिवून पाहिले, पेटंट घेतले. दुकान सर्वांत शेवटी आले.

२३/ आता खटल्याकडे वळू. प्रवाशाला अन्न नाकारणे हा हॉटेलवाल्यासाठी इंग्लंडात गुन्हा होता. लेडी हार्बर्टन यांच्या पाठीशी 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' ही सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. एप्रिल १८९९ मध्ये किंग्स्टन येथे सुनावणी झाली. अन्न नाकारलेच नाही, दुसऱ्या खोलीत देऊ केले होते, असा बचाव झाला. ज्युरीने मालकिणीला निर्दोष ठरवले.

२४/ फ्रान्समध्ये हाच प्रश्न सरकारी कागदावर आला. पॅरिसमध्ये १८०० सालच्या एका पोलिसी आदेशाने स्त्रियांना पुरुषी पोशाखास मनाई होती. १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सवलत मिळाली : हाती सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल, तर विजार चालेल. सायकल सोडली की परवानगी संपली! तो आदेश रद्दबातल असल्याचे फ्रेंच सरकारने औपचारिकपणे जाहीर केले ते २०१३ मध्ये.

२५/ सायकलवरची स्त्री कशाचे प्रतीक झाली होती, हे केंब्रिजमध्ये दिसले. मे १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या देण्याच्या प्रस्तावावर मतदान होते. विरोधक विद्यार्थ्यांनी भर चौकात उंचावर एका स्त्रीचा पुतळा टांगला, आणि तो सायकलवर बसवलेला होता. प्रस्ताव फेटाळला गेला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या १९४८ मध्ये.

२६/ शतक संपता संपता सायकलचे वेड ओसरले आणि ते कल्पक स्कर्टही विस्मरणात गेले. नव्या शतकात शर्यतीचे कपडे बेतले गेले ते पुरुषाच्या अंगावर. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरील सायकल शर्यत १८९६ पासूनची. स्त्रियांची प्रथम झाली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिस येथे. जिच्यासाठी शर्यतच नाही, तिच्यासाठी कपडे कोण बेतणार?

२७/ १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जिना टेरी या अभियंता स्त्रीने स्त्रियांच्या शरीराला अनुसरून सायकली बनवणारी कंपनी काढली. इतरत्र बराच काळ 'लेडीज' मालाचा अर्थ एवढाच होता की पुरुषांचा कपडा आखूड करायचा आणि गुलाबी रंगवायचा. वस्तुतः बैठकीची हाडे, नितंबांचा घेर, खांद्यांची रुंदी हे सारे निराळे. आतल्या गादीची जागाही त्यामुळे निराळी असावी लागते.

२८/ आज आपल्या शहरातील सायकलच्या एखाद्या दुकानात जाऊन पाहावे. पुरुषांच्या जर्सींची रांग असते. स्त्रियांच्या मापाची गादीची शॉर्ट मागितली की अनेकदा उत्तर येते, 'पुरुषांची स्मॉल चालेल का?' दुकानदाराचे कारणही ठरलेले : मागणी नाही. माल नाही म्हणून बाई येत नाही. बाई येत नाही म्हणून माल नाही. हे चक्र १८९५ मध्येही असेच फिरत होते.

२९/ कपड्यासाठी यंत्राला वळवण्याची ती जुनी युक्तीही आपल्याकडे नांदते आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला लावलेले 'साडी गार्ड' हे त्या दोऱ्यांच्या जाळीचेच भावंड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे साधन असावे, असे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे.

३०/ आणि पाय मोकळे ठेवणारे दुभागलेले वस्त्र आपल्याला परके कधीच नव्हते. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे दुसरे काय असते? ज्या शिवणीसाठी लंडनच्या कारागिरांनी पेटंट घेतले, ती मोकळीक आपल्या पणज्यांना एका निरीने मिळत होती.

३१/ शेवटी एक विनंती. घरातील जुन्या अल्बममध्ये आई, मावशी, आत्या किंवा आजी सायकलसह उभी असलेले छायाचित्र सापडले, तर तिला एवढेच विचारावे : सायकलवर काय नेसायचीस, आणि ते कुणी शिवले होते? उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. अशा पोशाखांची बिले दुकानांच्या वह्यांत फारशी सापडणार नाहीत. ती बहुधा घरच्या शिलाई यंत्रावर तयार झालेली असतात.