बॉम्बे नाइट फ्रॉग

बॉम्बे नाइट फ्रॉग किंवा मुंबई रातबेडूक (शास्त्रीय नाव : निक्टिबॅट्रेकस हुमायूनी) ही सह्याद्रीच्या उत्तर भागात आढळणारी प्रदेशनिष्ठ बेडकाची एक जाती आहे. वनातील ओढ्यांच्या काठी राहणारा हा उभयचर प्राणी त्याच्या वैशिष्ट्यपूर्ण प्रजननपद्धतीमुळे जगभरातील प्राणिशास्त्रज्ञांना परिचित झाला.

नामकरण

या जातीचे प्रथम वर्णन भादुरी आणि कृपलानी या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये केले. महाराष्ट्र राज्याची निर्मिती १९६० मध्ये झाली. त्यापूर्वी हा प्रदेश मुंबई राज्यात मोडत असे. त्यामुळे इंग्रजी नावात शहराचे नाव दिसत असले, तरी या बेडकाचे खरे वसतिस्थान घाटमाथ्यावरील व घाटउतारांवरील जंगल हे आहे. प्रजातीचे नाव रात्र आणि बेडूक या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. जातिनाम मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. दक्षिण मुंबईत मुख्यालय असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते दीर्घकाळ मानद सचिव होते.

वर्णन व अधिवास

निक्टिबॅट्रेकस प्रजातीत तीसहून अधिक जाती असून त्या सर्व पश्चिम घाटापुरत्या मर्यादित आहेत. मुंबई रातबेडूक त्यांपैकी मध्यम आकाराचा आहे. त्याची त्वचा सुरकुतलेली असते व डोळ्यांतील बाहुली उभी, शंकरपाळ्याच्या आकाराची असते. बोटांची टोके किंचित रुंदावलेली असल्याने त्याला ओल्या खडकांवर व पानांवर पकड घेता येते. नराच्या मांड्यांवर ग्रंथी असतात. महाबळेश्वर, कोयना अशा भागांतील सावलीचे, खडकाळ, वाहते ओढे हा त्याचा अधिवास होय. दिवसा तो खडकांच्या कपारींत दडून राहतो आणि रात्री क्रियाशील होतो.

प्रजनन

पावसाळ्यात नर ओढ्याकाठच्या पानांवर, फांद्यांवर किंवा झाडाच्या खोडावर बसून मादीला साद घालतात. बहुतेक बेडकांमध्ये नर मादीला पुढील पायांनी घट्ट मिठी मारतो व ती अंडी घालत असतानाच त्यांवर शुक्राणू सोडतो. या जातीत तसे घडत नाही. नर मादीच्या पाठीवर बसतो. मात्र त्याचे हात तिला न धरता खालच्या पानावर किंवा खोडावर टेकलेले असतात. तो शुक्राणू मादीच्या पाठीवर सोडतो आणि तिच्यापासून दूर होतो. मादी त्यानंतर अंडी घालते. शुक्राणू तिच्या पाठीवरून व मागील पायांवरून ओघळत अंड्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजेच प्रत्यक्ष फलनाच्या वेळी नर व मादी यांचा परस्परांशी स्पर्श नसतो.

सातारा जिल्ह्यातील हुंबरळी येथील निरीक्षणांवर आधारित हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एस. डी. बिजू व वरद गिरी यांचा सहभाग होता. बेडकांच्या मिलनस्थितीचे सहा प्रकार तोपर्यंत ज्ञात होते. ही सातवी स्थिती ठरली. बेडकांमध्ये दुर्मीळ असलेली मादीची सादही या अभ्यासात नोंदवली गेली.

अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांना चिकटलेली असतात. त्यांतून बाहेर पडणारे भैकेर (बेडकाची शेपटीयुक्त पिल्ले) खालच्या ओढ्यात पडतात व पुढील वाढ पाण्यात पूर्ण करतात. साप ही अंडी खातात.

संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००४ च्या मूल्यमापनात या जातीची नोंद ‘असुरक्षित’ अशी केली. तिचे जीवनचक्र ओढा व काठावरची झाडी या दोहोंवर अवलंबून आहे. काठावरची झुडपे तोडली, तर ओढा वाहता राहिला तरी अंडी घालण्याची जागा उरत नाही. पाणी अन्यत्र वळवले, तर पानावरून पडणाऱ्या भैकेरांना पाणी मिळत नाही. म्हणून केवळ प्रवाहाचे किंवा केवळ वनाचे रक्षण पुरेसे ठरत नाही.

हुमायून अब्दुलअली यांनी बेडकांच्या पायांच्या निर्यातीला विरोध केला होता. शेतातील किडी खाणारे बेडूक नष्ट झाल्यास शेतीचे नुकसान होईल, असा त्यांचा मुद्दा होता. भारत सरकारने १९८७ मध्ये ही निर्यात बंद केली. निर्यातीसाठी प्रामुख्याने भातखाचरांतील मोठे बेडूक पकडले जात. रातबेडकाला त्या व्यापाराचा धोका नव्हता. त्याला खरा धोका अधिवास नष्ट होण्याचा आहे.