एकच पान, अनेक ब्राउझर

वर्गात एखादे वेबपान दाखवायचे असते. घरच्या संगणकावर ते व्यवस्थित दिसलेले असते. शाळेतल्या संगणकावर मात्र चित्र मजकुरावर चढते, शेजारचा रकाना खाली घसरतो. पान तर तेच! मग असे का होते?

छापील पान तयार होऊन आपल्या हाती येते. वेबपान तसे येत नाही. येतो तो मजकूर आणि त्यासोबतच्या खुणा : हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे चित्र. त्या वाचून पान मांडण्याचे काम आपल्या संगणकावरचा ब्राउझर करतो. नाटकाची संहिता एक असली तरी प्रत्येक नाटकमंडळीचा प्रयोग वेगळा होतो, तसेच हे.

हा प्रश्न वेबइतकाच जुना आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. तो फक्त नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर चाले, आणि असे संगणक फार थोड्यांकडे होते. मग निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने कोणत्याही संगणकावर चालेल असा अगदी साधा ब्राउझर लिहिला. त्यात माउस नव्हता, चित्रे नव्हती. दुव्यांना क्रमांक दिलेले असत; हवा तो क्रमांक टंकायचा. दिसायला ओबडधोबड, पण पान वाचता येई!

याच काळात एक शहाणपणाचा नियम रूढ झाला : ब्राउझरला एखादी खूण समजली नाही, तर त्याने अडून बसू नये, खूण सोडून द्यावी, आतला मजकूर दाखवावा. त्यामुळे नवी खूण आली तरी जुने ब्राउझर निकामी होत नसत.

पण या सवलतीचा दुसरा परिणामही झाला. कोणीही स्वतःच्या खुणा काढू लागले. नेटस्केपने अक्षरे लुकलुकवणारी खूण आणली, मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने अक्षरे सरकवणारी. ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल’ अशा पाट्या पानांवर झळकू लागल्या. म्हणजे वाचकाने कोणता चष्मा लावायचा, हे लेखक ठरवू लागला.

ब्राउझर पान मागताना आपले नावही कळवतो. नेटस्केप स्वतःला ‘मोझिला’ म्हणवी. त्याने पानाचे चौकटींत विभाजन करण्याची सोय आणली, तेव्हा अनेक संकेतस्थळे नाव पाहून फक्त मोझिलालाच चौकटींचे पान पाठवू लागली. मग इंटरनेट एक्सप्लोररनेही ‘मोझिला’ हेच नाव सांगायला सुरुवात केली! पुढे आलेल्या ब्राउझरांनीही तेच केले. नेटस्केप केव्हाच इतिहासजमा झाला. पण क्रोम, सफारी, फायरफॉक्स आजही नाव सांगताना ‘मोझिला’पासूनच सुरुवात करतात. यातून पाने लिहिणारे एक गोष्ट शिकले : नाव विचारू नये, ‘हे काम येते का?’ असे विचारावे.

खुणा समान असल्या तरी मापाचा घोळ होऊ शकतो. समजा, एका चौकटीची रुंदी २०० दिली, दोन्ही बाजूंना २० ची मोकळी जागा आणि ५ ची किनार. एकूण रुंदी किती? १९९६ च्या प्रमाणानुसार २०० हे फक्त मजकुराचे माप, म्हणून एकूण २५०. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र सारे २०० मध्येच बसवी. म्हणून एकीकडे शेजारी मावणारे रकाने दुसरीकडे घसरत. गंमत अशी, की ही दुसरी पद्धत पुढे अनेकांना सोयीची वाटली आणि प्रमाणातच तिला पर्यायाची जागा मिळाली. आम्ही प्रयोगशाळेत मोजमापे करणारी माणसे. आम्हाला याचे नवल वाटत नाही. मीटर किती लांब असावा यापेक्षा तो सर्वांचा एकच असावा, हे महत्त्वाचे.

याची झळ मराठीलाही लागली. त्या काळी मराठी पाने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये लिहीत. फॉन्ट नसला, की निरर्थक रोमन अक्षरे! पानासोबत फॉन्ट पाठवण्याची सोय १९९७ मध्ये आली, पण दोन ब्राउझरांसाठी दोन निराळ्या प्रकारांत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. संगणक आणि ब्राउझर तो पाळू लागले, तेव्हा कुठे हा त्रास सरला.

बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वेबची प्रमाणे ठरवणारी संघटना स्थापन केली. पण नुसते प्रमाण लिहून भागत नाही, ते पाळले जाते का हे तपासावे लागते. २००५ च्या ‘ॲसिड २’ या चाचणीत ब्राउझरने प्रमाण नीट पाळले तर हसरा चेहरा उमटे. चुकले की तो विस्कटे. कोण किती पाण्यात आहे, हे कोणालाही पाहता येऊ लागले.

हा इतिहास वर्गात करून पाहता येतो. साध्या मजकूर-संपादकात दोन ओळी लिहा, त्यांना मनाने बनवलेली एखादी खूण घाला, फाइलच्या नावाला ‘एचटीएमएल’ हा शेवट द्या आणि ती दोन ब्राउझरांत उघडा. तुमच्या खुणेचे काय झाले, मजकुराचे काय झाले, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.