पगारातले ते 200 रुपये आणि दुष्काळाचा हिशेब



आपल्यापैकी ज्यांनी अमेरिकेत येण्याआधी पुण्या-मुंबईत नोकरी केली, त्यांनी आपली जुनी सॅलरी स्लिप आठवून बघावी. पीएफ आणि इन्कम टॅक्स यांच्या मधे एक छोटी कपात असायची, प्रोफेशनल टॅक्स. महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. एचआरला विचारलं तर "सगळ्यांचा कापतात" एवढंच उत्तर मिळायचं. पण या 200 रुपयांमागे मोठा इतिहास आहे. दुष्काळामुळे गाव सोडावं लागणाऱ्या माणसाला त्याच्या गावाजवळच काम मिळावं, म्हणून शहरातल्या पगारदारांवर महाराष्ट्राने हा कर 1975 मध्ये बसवला.

आजचा विषय आहे हवामानामुळे होणारं स्थलांतर, आणि ते थांबवायला तंत्रज्ञान व तरुण मंडळी काय करू शकतात. जागतिक बँकेचा 2021 चा एक अहवाल सांगतो, की वेळीच काही केलं नाही तर 2050 पर्यंत जगात 21.6 कोटी लोकांना हवामानबदलामुळे आपल्याच देशात दुसरीकडे जावं लागेल. त्यातले सुमारे 4 कोटी दक्षिण आशियातले. आकडे भविष्यातले असले तरी अनुभव आपल्याकडे जुना आहे. म्हणून आज थोडं मागे जाऊ या.

1972 साल. पावसाने सलग दगा दिला होता, त्या वर्षी तर पाठच फिरवली. मराठवाडा, नगर, सोलापूर, पुण्याचा पूर्व भाग, सगळीकडे विहिरी आटल्या आणि जनावरं कवडीमोलाने विकली गेली. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात येणारी लाल मिलो ज्वारी आणि सुकडी त्याच काळातली. सरकारने रस्ते, नालाबांध, खडी फोडण्याची कामं काढली. 1973 च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती.

त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना आकाराला आली. मागेल त्याला काम, तेही शक्यतो घराजवळ. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे 2005 मध्ये देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला. आपला प्रोफेशनल टॅक्स जायचा तो इथे.

पण हाताला काम मिळालं म्हणजे शेताला पाणी मिळालं असं नव्हे. हा प्रश्न पडला एका तरुण इंजिनिअरला. विलासराव साळुंखे यांचा पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवण्याचा कारखाना होता. दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसं पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे 40 एकर उजाड जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली आणि ते पाणी उचलून शेताला दिलं. माळरान हिरवं झालं.

इथपर्यंत ही इंजिनिअरिंगची गोष्ट आहे. साळुंखे यांचं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. पाणी वाढलं की पहिला पंप त्याचा बसतो ज्याच्याकडे पैसा आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणून पाणी पंचायतीचे नियम ठरले. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, माणसं मोजून वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी घालायचा. आणि ऊस लावायचा नाही. मोजमापाची उपकरणं करणारा माणूस शेवटी या निष्कर्षाला आला, की मोजायचं कशासाठी हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची. वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस पडणारं हे गाव. 1972 नंतर गावाची घडी विसकटली. माणसं कामासाठी पुण्या-मुंबईला गेली, मागे राहिली भांडणं आणि दारू. 1989 मध्ये गावातल्या तरुणांनी आग्रह धरून पोपटराव पवार यांना सरपंच केलं. एम. कॉम. झालेला, क्रिकेटची आवड असलेला मुलगा. तरुणांनी श्रमदानाने डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले. शेजारच्या राळेगणसिद्धीचा धडा समोर होताच. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. पण सगळ्यात अवघड निर्णय होता बोअरवेलबंदीचा. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं टाळायची.

पुढे गावाने पाण्याचा ताळेबंद सुरू केला. पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचे आकडे आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. आधी माणसं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, पुढच्या वर्षासाठी थोडं राखायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. बाहेर गेलेली कुटुंबं गावात परतू लागली ती यानंतर.

आता याच जिल्ह्याच्या शेजारी बीडकडे बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोचा मिळून एक "कोयता" धरला जायचा. शाळेतली मुलंही बैलगाडीबरोबर जातात. कोरड्या भागातली माणसं, सर्वांत जास्त पाणी पिणारं पीक तोडायला परमुलखात! पाऊस कमी हे एक कारण झालं. असलेलं पाणी कुठे आणि कोणासाठी खर्च होतं, हे दुसरं.

मी आयटी कन्सल्टंट, म्हणून एक गोष्ट माझ्या धंद्यातली सांगतो. आम्ही कंपन्यांना डॅशबोर्ड करून देतो. आकडा लाल झाला की कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर तो डॅशबोर्ड म्हणजे भिंतीवरचं रंगीत चित्र. पाण्याचंही तसंच आहे. जलयुक्त शिवार योजनेवर सुमारे 9,600 कोटी रुपये खर्च झाले. कामं पुष्कळ झाली, पण भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही, असं कॅगच्या 2020 मध्ये आलेल्या अहवालाने नोंदवलं. खड्ड्यात पाणी साठवलं आणि उपशाला लगाम नसला की दुसरं काय होणार?

याचा अर्थ तंत्रज्ञान कुचकामी आहे असा मुळीच नाही. पोकरा प्रकल्पात सुमारे 5,000 गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईने तयार करून दिली. माती, उतार, पीक आणि पाऊस यांवरून कुठल्या शिवारात किती पाणी कमी पडेल ते त्यातून कळतं. हिवरे बाजारला जे हाताने करायला वर्षं लागली, ते गणित आता लवकर होतं. मात्र त्या गणितावर ग्रामसभेत हात वर करायचं काम अजूनही माणसांचंच आहे.

आपली इथली मुलं हुशार आहेत. रोबोटिक्सच्या टीममध्ये असतात, सायन्स फेअरला जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर बनवतात. त्यांचं कौतुक करू याच. सोबत त्यांना दोन प्रश्न विचारायची सवय लावू या. हा आकडा कोण बघणार? आणि तो बघून कोण आपला पंप बंद करायला तयार होणार? सुट्टीत भारतात गेलात तर थीम पार्कमधला एक दिवस वाचवून त्यांना हिवरे बाजार दाखवा. नगरपासून फार लांब नाही. तिथे पर्जन्यमापक बघायला दोन मिनिटं लागतील. पाऊस कमी झाला म्हणून पेरा कमी करणाऱ्या शेतकऱ्याशी बोलायला मात्र दुपार काढून ठेवा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावच्या दुष्काळाच्या, गाव सोडल्याच्या आणि परत आल्याच्या आठवणी आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!