गार्डचा मॅनेजर

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे मंडळाने एक छोटेसे परिपत्रक काढले. आगगाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा-तांबडा बावटा घेऊन उभा राहणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या 'गार्ड' ह्या नावाने ओळखला जाणारा इसम यापुढे 'ट्रेन मॅनेजर' म्हणवला जाईल, असे त्यात होते. पगार तोच, श्रेणी तीच, डबाही तोच. बदलले ते केवळ नाव. मागणी मात्र जुनी होती. गार्ड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगल्याच्या फाटकावरचा पहारेकरी उभा राहतो, ही त्या कर्मचाऱ्यांची व्यथा होती आणि ती खोटी नव्हती. हा निर्णय झाला तेव्हा रेल्वे राज्यमंत्रिपद जालन्याचेच खासदार रावसाहेब दानवे यांच्याकडे होते, हा योगायोग आमच्या भागात पुष्कळांच्या लक्षात राहिला.

'मॅनेजर' ह्या शब्दाला आमच्याकडे फार वजन आहे. पदवीधर मुलाने रेल्वेची परीक्षा द्यावी काय, असा प्रश्न धर्मग्रामातील आईबाप आम्हांला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी जालन्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास पाहणे आम्हांला इष्ट वाटते, कारण रेल्वेत अधिकार कोणाचा आणि जोखीम कोणाची, हे त्या इतिहासात स्वच्छ दिसते.

हैदराबाद संस्थानाची स्वतःची आगगाडी सुरू झाली ती १८७४ साली, वाडी ते सिकंदराबाद ह्या मार्गाने. पुढे १८८३ साली हा कारभार लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे देण्याचे ठरले. 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' हे तिचे नाव. त्यातील 'गॅरंटीड' हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. भागधारकांना वर्षाला शेकडा ५ टक्के व्याज वीस वर्षे मिळेल, गाडीला उतारू मिळोत अथवा न मिळोत, अशी ती हमी होती. आणि ती भरायची होती संस्थानच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर शेतसारा देणाऱ्या रयतेच्या घामातून. चांदा रेल्वे योजना ह्या नावाने गाजलेल्या ह्या व्यवहाराची जाहीर चर्चा व्हावी, असे म्हणणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) यांना १८८३ च्या मे महिन्यात संस्थानाबाहेर घालविण्यात आले.

आपला मार्ग त्यानंतरचा. हैदराबाद ते मनमाड हा सुमारे ३९० मैलांचा मीटरगेज रस्ता, 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' ह्या नावाने, १९०० च्या सुमारास टप्प्याटप्प्याने खुला झाला. तोच छपन्नच्या दुष्काळाचा काळ. जालन्याचा कापूस ह्या मार्गाने मुंबईकडे जाऊ लागला. मात्र मनमाडला जी. आय. पी. रेल्वेचे रूळ रुंद, आपले अरुंद, त्यामुळे प्रत्येक गाठोडे तेथे एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत टाकावे लागे. ही हमाली नव्वदीच्या दशकात आपला मार्ग रुंद होईपर्यंत चालली.

एकेरी मार्गावर गाडी चालविणे ही गोष्ट बाहेरून दिसते तितकी सोपी नव्हे. एका वेळी दोन स्थानकांच्या दरम्यान एकच गाडी असली पाहिजे. पुढच्या स्थानकाच्या मास्तराने मार्ग मोकळा असल्याचे कळविल्याशिवाय मागच्या मास्तराने गाडी सोडावयाची नाही, आणि अधिकारपत्र किंवा टोकन हाती पडल्याशिवाय चालकाने हलावयाचे नाही. गाडी अडली, तर गार्डने मागे चालत जाऊन रुळांवर फटाके लावावयाचे, म्हणजे पाठीमागून येणारी गाडी सावध होते. अमावास्येच्या रात्री, पावसात, हातात कंदील घेऊन हे काम करणाऱ्या माणसाला पुस्तकात गाडीचा प्रमुख म्हटले होते. प्रत्यक्षात मालगाडीच्या कित्येक डब्यांत त्याच्यासाठी ना दिवा, ना शौचालय. लहान स्थानकावरचा मास्तर 'अधूनमधून काम असणारा' ह्या वर्गात धरला गेला, की त्याची पाळी बारा तासांपर्यंत जाई. काम अधूनमधून असेल. जागरण मात्र सलग असते, हे नियम करणाऱ्यांना सुचले नाही.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनी विकत घेतली. दोनच वर्षांनी ह्या रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ माणसे घेऊन मोटारवाहतूकही सुरू केली, हे तिच्या श्रेयाच्या बाजूला मांडले पाहिजे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ पासून आपला मार्ग सिकंदराबादेतून चालणाऱ्या दक्षिण मध्य रेल्वेकडे आहे. नांदेड विभाग २००३ साली झाला, पण मराठवाड्याची गाऱ्हाणी ऐकणारे वरिष्ठ दूर बसतात, ही तक्रार त्यानंतरही ऐकू येते.

स्वातंत्र्यापूर्वी रेल्वेत गार्ड, चालक आणि निरीक्षक ह्या जागांवर अँग्लो-इंडियन बांधव मोठ्या संख्येने होते आणि त्यांतील अनेक कॅथलिक. संविधानाच्या ३३६ व्या कलमाने त्यांच्यासाठीची तरतूद दर दोन वर्षांनी घटवीत दहा वर्षांत संपविली. आमच्या मते ते योग्यच झाले. परंतु कित्येक रेल्वे वसाहतींतील देवळे त्यानंतर ओस पडत गेली, हेही खरे.

१९५६ च्या सप्टेंबरात जुन्या निजाम रेल्वेच्या मुलखात, महबूबनगरजवळ, पूल खचून शंभराहून अधिक उतारू मेले. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी तो परत केला. नोव्हेंबरात अरियालूरला तसाच अपघात झाला, तेव्हा शास्त्रीजी हटले नाहीत, राजीनामा घेण्यास लावलाच. पूल त्यांनी बांधला नव्हता.

८ मे १९७४ रोजी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस यांचे, जे तरुणपणी बंगळूरच्या सेमिनरीत शिकत होते. पगार-बोनसबरोबरच कामाचे तास आठ असावेत, ही मोठी मागणी होती. सरकारने अटकसत्र आरंभिले आणि २७ मे रोजी संप मागे घेण्यात आला.

आणि ८ मे २०२०. टाळेबंदीत उतारूंच्या गाड्या बंद होत्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबणारे मध्य प्रदेशातील मजूर घराकडे जाणारी गाडी मिळेल ह्या आशेने रुळांवरून पायी निघाले. गाड्या चालत नाहीत अशा समजुतीने, थकून, बदनापूर व करमाडच्या दरम्यान ते रुळांवरच झोपले. मालगाड्या चालूच होत्या. पहाटे सव्वापाचच्या सुमारास सोळा जण चिरडले गेले. चालकाने त्यांना पाहिले, शिट्टी दिली, ब्रेक लावला. पण भरधाव मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. त्या मजुरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते उचितच होते. त्या चालकाविषयी व शेवटच्या डब्यातील गार्डविषयी कोणी फारसे विचारले नाही. नियम पाळूनही ती पहाट त्यांच्या वाट्याला आली आणि पुढच्या पाळीला त्यांना पुन्हा रुळांवरच जावयाचे होते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. २०२४ च्या जाहिरातीत मालगाडी मॅनेजरच्या ३,१४४ आणि स्टेशनमास्तरांच्या ९९४ जागा होत्या; प्रारंभीचे मूळ वेतन अनुक्रमे २९,२०० व ३५,४०० रुपये. पदवीधरांसाठीच्या एकूण ८,११३ जागांसाठी अठ्ठावन्न लाखांहून अधिक अर्ज आले. कारखान्यातील कंत्राटी कामाच्या मानाने ही नोकरी निश्चितच भक्कम आहे. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला ती सावरू शकते, आणि म्हणून आम्ही 'नको' म्हणत नाही. परंतु केवळ 'मॅनेजर' ह्या नावासाठी तिच्यामागे लागू नये. वरचे बदली करतील, हुकूम काढतील, आणि मध्यरात्री निर्णय मात्र ह्या मुलाला एकट्याने घ्यावा लागेल. त्याच्या हयगयीने उतारूंच्या जिवाला धोका झाला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तो घरी असेलच असेही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव ह्या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. म्हणजे जागा निघतील आणि अर्जही भरले जातील. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला एखाद्या आडस्थानकावरच्या मास्तराच्या भेटीला पाठवावे, आणि शक्य झाल्यास रात्रपाळी संपल्यावर, सकाळी पाठवावे.